टेस्टचा कागद

१

दुकानाच्या पाटीवर 'सर्व प्रकारची कार्ट्रिज भरून मिळतील' असं लिहिलं होतं आणि त्या 'सर्व प्रकारची'नं धाकट्याचं डोकं खाल्लं होतं. कुणी पाण्याच्या फिल्टरचं कार्ट्रिज घेऊन यायचं. कुणी माळ्यावर सापडलेल्या व्हिडिओ गेमचं आणायचं आणि विचारायचं, "यात नवीन गेम भरता का हो?" एक निवृत्त मास्तर दर महिन्याला शाईपेनाची चिमुकली कार्ट्रिज आणायचे, सहाच्या सहा रिकामी, रुमालात बांधून. ती मात्र तो इंजेक्शनच्या सुईनं भरून द्यायचा. मास्तरांना नाही म्हणायची छाती कुणाची?

खरा धंदा प्रिंटरच्या कार्ट्रिजचा. सकाळी दहाला शटर वर जायचं. पुढच्या काउंटरवर वहिनी बसायची, पावत्या फाडायची, फोन घ्यायची. मागच्या खोलीत धाकटा. तोंडाला फडकं, समोर उघडलेलं कार्ट्रिज, शेजारी ब्रश, स्क्रू आणि काळी पूड. ही पूड मोठी चिवट. श्वासाबरोबर आत जाते आणि नखात बसली की बसली. गेली वीस वर्षं धाकट्याची नखं काळीच होती. गल्लीतली पोरं त्याला काळेकाका म्हणायची. आडनाव तसं नव्हतं, पण तो ओ द्यायचा.

त्याच्या कामाची एक रीत होती. कार्ट्रिज भरलं की दुकानातल्या जुन्या प्रिंटरमध्ये घालून टेस्टचा एक कागद काढायचा. वरच्या अर्ध्यात काळे-करडे पट्टे, अक्षरांच्या दोन ओळी आणि एक भरीव चौकोन. खालचा अर्धा मुद्दाम कोरा. त्या कोऱ्यातच कार्ट्रिजचं खरं चारित्र्य कळतं. ड्रम झिजला असेल तर वरची अक्षरं खाली पुसट पुन्हा उमटतात. धंद्यात त्याला 'भूत' म्हणतात. मग त्याच कागदात कार्ट्रिज गुंडाळून गिऱ्हाइकाला द्यायचं. पाहा बाबा, तुझ्या मालाचा पुरावा तुझ्याच हातात. दुसरा कुठलाच दुकानदार असं करत नव्हता आणि धाकट्याला त्याचा अभिमान होता. त्याच्याकडे अभिमान धरण्यासारखं दुसरं फारसं नव्हतंच.

त्या सोमवारी दातांच्या डॉक्टरांचं कार्ट्रिज होतं. वहिनीनं गुंडाळायला कागद उचलला आणि उजेडात धरला.

"भाऊजी, यात केस अडकलाय का हो?"

"कुठे?"

"हा बघा. डाव्या बाजूला. वरपासून खालपर्यंत."

धाकट्यानं कागद घेतला. डाव्या समासात केसाएवढी बारीक काळी रेघ होती, सरळ, पण मधे एके ठिकाणी किंचित वाकलेली. तो म्हणाला, "ब्लेडवर कचरा असेल, पुसतो," आणि आत गेला. आत जाऊन तो खुर्चीवर बसला. ब्लेड वगैरे त्यानं काही पुसलं नाही, कारण ती रेघ त्याच्या ओळखीची होती. सहा वर्षांपूर्वी याच प्रिंटरमधून असली रेघ यायची, मधे असाच बाक घेऊन. त्यानं आतला चरा पडलेला भाग स्वतःच्या हातानं काढून, ठेचून, फेकून दिला होता.

२

आता माणूस म्हटला की तो आधी कारण शोधतो. धाकट्यानंही शोधलं. वेगळा भाग, वेगळा चरा, योगायोगानं तसाच बाक. होतं असं कधीकधी. जगात दोन माणसं सारखी दिसतात, दोन रेघांचं काय घेऊन बसलात! त्यानं नव्या सीलबंद खोक्यातला ड्रम काढला, ब्लेड बदललं, आतली जागा कापसानं पुसली आणि दुसरा कागद काढला.

रेघ होती. आणि खाली, कोऱ्या अर्ध्यात, काहीतरी पुसट उमटलं होतं.

भूत, तो स्वतःशीच म्हणाला. नवा ड्रमही खराब निघतो, कंपन्या काय लुबाडायलाच बसल्यात. पण हातांना धंदा कळत होता. ड्रम म्हणजे गोल नळी. ती फिरते, त्यामुळे भूत ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येतं, चार बोटं सोडून परत तेच. हे एकदाच आलं होतं. शिवाय भूत नेहमी वरच्या मजकुराचं असतं. वर पट्टे आणि चौकोन होते. खाली अक्षरं होती.

त्यानं कागद दिव्याखाली तिरका धरला. करड्या सावलीसारखी एकच ओळ.

*महोदय, केवळ कर्तव्य म्हणून कळवतो की*

धाकट्यानं कागद चुरगाळला. मग परत सरळ केला, चार घड्या घातल्या आणि पँटच्या खिशात खोल सारला. कानशिलं तापली होती. भीती म्हणावी तर ती नंतर आली. आधी आली ती लाज. लहानपणी चोरून खाताना आईनं मागून पाहिलं की वाटायची तशी, पण दसपट.

"भाऊजी, झालं का? डॉक्टरांचा माणूस उभा आहे."

"झालं, झालं. टेस्टचा कागद राहू दे आज. तसंच द्या."

वहिनी पडद्याआडून डोकावली. "तसंच? तुम्ही? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

ती हसली. धाकट्यानंही दात दाखवले. टेबलाकडे वळल्यावर त्याला दिसलं की पितळी काडतूस उभं आहे. ते तो नेहमी आडवं ठेवायचा.

३

त्या काडतुसाची गोष्ट सांगायलाच हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दोघे भाऊ. थोरला सरकारी नेमबाजीच्या मैदानावर कोठारपाल होता. काडतुसं मोजून द्यायची आणि बार झाल्यावर रिकामी टरफलं मोजून परत घ्यायची. एकसुद्धा कमी भरता कामा नये. वडील असताना म्हणायचे, "माझे दोन्ही लेक कार्ट्रिजवर जगतात. एकाच्या आत बारूद, एकाच्या आत काजळी." पाहुणे हसायचे. काजळीवाला कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

ड्युटी संपवून थोरला दुपारी दुकानात यायचा, पुढच्या स्टुलावर बसायचा. घरचा कुठलाही कागद असला, भाडेकरार असो की अर्ज, तो इथेच छापून न्यायचा. एकदा धाकटा म्हणाला, "दादा, तुझ्याकडचं एखादं रिकामं टरफल दे ना. पूड मापायला बरं पडेल." थोरला नाही नाही म्हणाला, नियम सांगितले, आणि आठवड्यानं खिशातून एक काढून काउंटरवर उभं ठेवलं. टक्क. "गवतात हरवलं असं लिहिलंय मी. आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं, तुझ्यापायी." पुढे ती सवयच झाली. आला की टेबलावरचं ते टरफल उचलायचा, टक्क करून उभं करायचा आणि मगच बोलायला लागायचा.

धाकटा त्यानं काय मापायचा, तेही सांगून टाकू. जुन्या कार्ट्रिजमधून निघणारी वापरलेली पूड खरं तर फेकायची असते. धाकटा ती चाळून एका पत्र्याच्या डब्यात साठवायचा. नव्या पुडीत त्या डब्यातलं एक काडतूसभर मिसळायचा, दुधात विरजण घालावं तसं. बचत व्हायची आणि छपाईही जरा गडद दिसायची. गिऱ्हाइकाला मात्र 'शंभर टक्के नवी पूड'. तो डबा कधी रिकामा झाला नव्हता. थोडं काढायचं, थोडं घालायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग थोरल्याला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, वहिनीचं माहेर सगळं हजर. काचेचं भांडं घ्यावं तसे धाकट्यानं जपून बाळ घ्यायला हात पुढे केले. थोरला म्हणाला, "हात धुतलेस का? कार्ट्रिज नाही रे ते!"

सगळे हसले. थोरल्याच्या मनात काही नव्हतं, माणूस थट्टेखोर. पण धाकट्यानं त्या सकाळी तीनदा हात धुतले होते. आधी साबणानं, मग रॉकेलनं, मग पुन्हा साबणानं. आठ दिवस त्याला झोप लागली नाही. नवव्या दिवशी त्यानं शटर अर्धं ओढलं आणि पाच ओळींचं एक निनावी पत्र टाइप केलं. कोठारातली काडतुसं बाहेर जातात, असं. थोडी जिरेल, साहेब बोलावून झापेल, एवढंच त्याला वाटलं होतं. देवाशपथ एवढंच.

चौकशी लागली. घराची झडती झाली, दुकानाचीही झाली. ती माणसं आली तेव्हा धाकट्यानं टरफल पुडीच्या डब्यात खुपसलं होतं, मनगटापर्यंत हात काळा करून. थोरला त्यांच्याबरोबर होता. त्यानं डब्याकडे पाहिलं, भावाच्या मनगटाकडे पाहिलं. हरवलेलं टरफल कुठे आहे असं त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गवतात." जाताना वळून धाकट्याला एवढंच म्हणाला, "हात धुऊन घे."

अकरा दिवसांनी कोठाराचा ताबा दुसऱ्याकडे द्यायचा होता. मोजताना एक काडतूस कमी भरलं, या वेळी रिकामं नव्हे, बारूद असलेलं. ते कुठे गेलं ते दुपारी कळलं. कागदोपत्री थोरल्याचा मृत्यू अपघात होता.

थोरल्यामागं धाकट्यानं वहिनीला दुकानात आणलं, पुतणीची फी भरली, स्वतःचं लग्न राहूनच गेलं. लोक म्हणायचे, दीर असावा तर असा, लक्ष्मणासारखा. लोकांनी असं म्हटलं की धाकट्याला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटायचं. आणि तरी दुकान सोडून कुठे जाणार? काडतूसही त्यानं फेकलं नव्हतं. फेकायला घेतलं की हातच उघडायचा नाही.

४

मंगळवारी कागदावर दुसरी ओळ आली. *आपल्या कोठारातली काडतुसं बाहेर जातात.*

धाकट्याला वाटलं, डबा! पत्र छापलं त्या दिवशी कार्ट्रिजमधली उरलेली पूड त्यानं सवयीनं त्या डब्यातच ओतली होती. सहा वर्षं तेच विरजण शहरभर जात होतं, शाळेत, दवाखान्यांत, बँकेत. पूड काय बोलते होय? पण चोराच्या मनात चांदणं. त्यानं डब्यातली सगळी पूड पिशवीत भरली, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि कचरागाडीत स्वतः नेऊन टाकली. डबा घासला. नव्या पुडीची नवी बाटली फोडली, नव्या कार्ट्रिजमध्ये घातली आणि कागद काढला.

*किती ते मला ठाऊक नाही, पण एक तरी मी डोळ्यांनी पाहिलं आहे.*

बाकी सगळं एक वेळ सोडा. पण ही ओळ लिहिताना टरफल त्याच्या कोपराशेजारी होतं. डोळ्यांनी पाहिलं आहे! किती खरं लिहिलं होतं! तेव्हा त्याला त्या खरेपणाचं बरं वाटलं होतं, आपण अगदीच खोटं बोलत नाही आहोत म्हणून. आता त्यानं दोन्ही कागद टोपलीत टाकले.

त्यानंतर त्यानं टेस्टचे कागद काढायचंच बंद केलं. वहिनीला सांगितलं, प्रिंटर बिघडलाय. ती म्हणाली, "बरं." काउंटरवर जुन्या कागदांचा गठ्ठा असायचा. पाठकोरे असायचे, ती त्यांचे तुकडे करून पावत्या लिहायची. धाकट्यानं मधल्या वेळेत तो गठ्ठा चाळला. त्याच्या मंगळवारच्या दोन कागदांतला एकही त्यात नव्हता. टोपलीत टाकले होते, पण टोपलीतही नव्हते. म्हणजे कचऱ्यात गेले असतील, त्यानं मनाची समजूत घातली. सोमवारचा तर खिशात होता. त्यानं खिसा चाचपला. तोही नव्हता. ती पँट वहिनीनं धुवायला नेली होती.

गुरुवारी शाळेचा कारकून तणतणत आला. अंगानं बारीक, आवाजानं दणदणीत.

"काळेकाका, नोकरी घालवाल माझी! प्रश्नपत्रिकेच्या शंभर प्रती काढल्या. नव्व्याण्णव ठीक. शंभराव्या कागदावर खाली काय उमटलंय बघा. आणि नेमका तोच मुख्याध्यापकांच्या हातात!"

"काय उमटलंय?" वहिनीनं विचारलं.

"'माणूस वरून फार सज्जन दिसतो.' असं! साहेबांना वाटलं मीच त्यांच्यावर लिहिलंय. अहो, मनात असलं तरी मी छापीन का?"

वहिनी खळखळून हसली. कारकूनही हसला. धाकटा पडद्याला धरून उभा होता. त्यानं कार्ट्रिज बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत, दोनदा माफी मागितली. "एवढं काय त्यात," कारकून जाताना म्हणाला, "तुमच्यासारखा सरळ माणूस नाही गल्लीत."

"तो कागद राहू द्या इकडे," वहिनी कारकुनाला म्हणाली. "पाठकोरा आहे." तिनं तो घेतला, नीट घडी घातली आणि खणात ठेवला. खणाला कुलूप लावल्याचा आवाज धाकट्यानं ऐकला. त्या खणाला ती कधी कुलूप लावत नसे.

तो आत गेला. काडतूस उभं होतं. त्यानं ते आडवं केलं, पाठ वळवली आणि ब्रश शोधायला लागला.

टक्क.

त्यानं वळून पाहिलं नाही. रस्त्यावरचा आवाज असेल, शेजारी सुताराचं दुकान आहे, तिथे दिवसभर ठोकाठोकच चालते. सुतार आठवडाभर गावाला गेलाय हेही त्याला लगेच आठवलं.

५

पत्राला ओळी पाचच होत्या. चार आल्या. पाचवी म्हणजे सही, 'आपला एक हितचिंतक'. तिच्या खाली काही नव्हतं. नाव नव्हतं, हेच तर त्या पत्राचं मर्म. धाकट्याचा जीव आता त्या मोकळ्या जागेत अडकला. सगळं आलंय, तर नावही येईल. कुणाच्या बिलावर, पुतणीच्या निकालपत्रावर. वहिनी वाचेल. पोर वाचेल. ती शाळेतून येताना रोज हाक मारते, "काका, हात पुढे कर," आणि त्याच्या काळ्या तळव्यावर गोळी ठेवते. तीही वाचेल आणि तिचा हात मागे जाईल.

शुक्रवारी सकाळी त्यानं दुकानातल्या प्रिंटरमधलं कार्ट्रिज बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. कार्ट्रिज नसलं की ते यंत्र कागद ओढतच नाही, नुसता लाल दिवा दाखवतं. एवढं करूनही कागदाच्या ट्रेमध्ये, बाहेर आलेल्या कागदांच्या जागी, एक पान पडलेलं होतं. *आपला एक हितचिंतक.* खाली कोरं. डाव्या समासात रेघ.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. नाव उमटण्याआधी आपणच सांगावं, असं त्यानं ठरवलं. निदान तेवढं तरी.

दुपारी दोनला रस्ता शांत होतो. त्यानं शटर अर्धं ओढलं आणि पुढे आला. वहिनी डबा धुऊन पुसत होती.

"वहिनी, एक सांगायचं होतं."

"सांगा ना."

"ते... पुडीचे भाव वाढलेत."

"हं."

"नाही, ते नाही. तो प्रिंटर... जुना झालाय. विकावा म्हणतो."

"विका."

घाम त्याच्या कानामागून उतरत होता. वहिनीनं डब्याचं झाकण लावलं. खणाचं कुलूप काढलं. आतून चार कागद काढून काउंटरवर एकाखाली एक मांडले, सोमवारचा, मंगळवारचे दोन आणि शाळेचा. सोमवारचा चुरगळलेला होता, त्यावर इस्त्री फिरवलेली होती.

"पाचवा तुमच्याकडे आहे ना?" ती म्हणाली. "द्या इकडे. हितचिंतकवाला."

धाकट्यानं चारही कागद वाचले. तो स्टूल धरून उभा राहिला.

"मी हे पत्र वाचलंय, भाऊजी. आत्ता नव्हे, तेव्हाच. चौकशीवाल्या साहेबांनी त्यांना मूळ कागद दाखवला होता, आणि एक नक्कल दिली होती. त्यांनी घरी आणली. आमचा भाड्याचा करार काढला, तिच्या जन्माच्या दाखल्याचा अर्ज काढला, आणि तिन्ही कागद जेवायच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डाव्या बाजूला एक रेघ होती. तिन्हींवर. मधे वाकलेली."

"दादाला..."

"हो. त्यांना कळलं होतं."

"कधी?"

"ती माणसं दुकान तपासायला आली, त्याच्या आदल्या दिवशी."

म्हणजे थोरला इथे उभा होता तेव्हा त्याला ठाऊक होतं. पत्र कुणी लिहिलं तेही आणि टरफल कुठे आहे तेही. आणि तो म्हणाला होता, गवतात. धाकट्यानं तोंडावर हात धरला. हाताला पुडीचा वास येत होता.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. कागदांची घडी घातली. मग म्हणाले, त्याला कळू देऊ नकोस आपल्याला कळलंय ते. लाजेनं मरेल तो."

धाकट्यानं मांडलेल्या कागदांवरून नजर उचलली.

"मग तुम्ही... सहा वर्षं... इथे..."

"हो ना. रोज दहाला येऊन बसते." वहिनीचा आवाज पावती वाचून दाखवावी इतका साधा होता. "म्हटलं, बघू या. ते म्हणाले होते लाजेनं मरेल. आज मरेल, उद्या मरेल. पोरीची फी भरलीत तेव्हा वाटलं, आता. लोकांनी लक्ष्मण म्हटलं तेव्हा वाटलं, आता तरी. पण तुम्ही काही मेला नाहीत, भाऊजी."

धाकट्याला रडावंसं वाटलं, तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण त्याचीही त्याला लाज वाटली. रडणं म्हणजे पुन्हा आपलंच कौतुक करून घेणं. तो तसाच उभा राहिला.

तेवढ्यात आतून आवाज आला. खर्र. मग मोटरची गुणगुण. प्रिंटर कागद ओढत होता.

दोघांनी पडद्याकडे पाहिलं. कार्ट्रिज टेबलावर होतं. पडद्याच्या फटीतून धाकट्याला ते दिसत होतं, काळं, पालथं, त्याच्या शेजारी उभं काडतूस. यंत्र मात्र आपलं संथ चाललं होतं, कागद पुढे सरकवत. वहिनी उठली आणि सरळ आत गेली. जणू गिऱ्हाइकाचीच छपाई होती. ती कागद घेऊन बाहेर आली, शटरखालच्या उजेडात धरला आणि वाचला. तिचा चेहरा बदलला. सहा वर्षांत धाकट्यानं तो चेहरा पाहिला नव्हता. त्याआधी पाहिला होता, दुपारी, थोरला दुकानात शिरायचा तेव्हा.

"नाव आलंय का?" धाकट्यानं विचारलं.

"नाही."

"मग काय आलंय?"

तिनं कागद त्याच्याकडे दिला नाही. छातीशी धरला. त्याआधी उजेडात, कागदाच्या मागून, त्याला फक्त एवढंच दिसलं होतं की ओळ छोटी आहे, तीन शब्दांची, आणि ती छापील नाही. अक्षर उजवीकडे कललेलं होतं, 'त'चा काना लांब ओढलेला. कोठाराच्या वहीत असायचं तसं.

"तुम्हाला विचारताहेत," वहिनी म्हणाली. "हात धुतलेस का, म्हणून."

६

मागच्या खोलीच्या कोपऱ्यात बेसिन होतं. धाकटा तिथे गेला. जाताना त्यानं टेबलाकडे पाहिलं नाही. नळ सोडला, साबण घेतला आणि हात चोळायला लागला. काळं पाणी बेसिनच्या भोकाकडे फिरत फिरत गेलं. हे रोजचंच होतं. रोज पहिलं पाणी काळं जातं, दुसरं करडं, तिसरं बरं.

तिसरंही काळंच गेलं.

त्यानं नखं घासली, मनगटं घासली, कोपरापर्यंत फेस केला. चौथं काळं. पाचवं काळं. पूड गरम पाण्यानं चिकटते, गार पाण्यानं जाते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि पाणी गारच होतं. तो स्वतःला समजावत राहिला, जुनी पूड आहे, वीस वर्षांची, वेळ लागेल.

मागे, पुढच्या खोलीत, स्टूल करकरलं. ते स्टूल हलकं माणूस बसल्यावर करकरत नाही. वहिनी तर काउंटरच्या पलीकडे बसते.

टक्क.

मग वहिनीचा आवाज, हळू, काय बोलली ते पाण्यामुळे कळलं नाही. मधेच ती थांबायची, ऐकल्यासारखी, आणि पुन्हा बोलायची. एकदा हसलीसुद्धा. कारकुनाच्या बोलण्यावर हसली होती तसं ते हसू नव्हतं.

धाकट्यानं समोर पाहिलं. बेसिनवर छोटा आरसा होता, पुडीनं धुरकटलेला. त्यात पडद्याची फट दिसत होती आणि फटीतून काउंटरची कड. त्या कडेवर एक हात टेकलेला होता, पुरुषाचा, बाही दुमडलेली, नखं स्वच्छ कापलेली. त्यानं झटकन मान खाली घातली. भीती वाटली म्हणून नव्हे. त्या हाताच्या मालकाला तोंड दाखवायची त्याला छाती नव्हती.

"भाऊजी," वहिनीनं हाक मारली. मोकळ्या, घरच्या आवाजात. "झाले का हात धुऊन? या लवकर. हे थांबलेत."

"आलो," धाकटा म्हणाला. पाणी काळंच वाहत होतं. त्यानं पुन्हा साबण लावला.